रेडिओचा हिस्सा

गुरुजी,

परवा आमच्या तलावात उन्हाळ्याचं मोठं जाळं पडलं. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, पळसाची पानं अंथरली, मासळीचे ढीग लागले आणि वाटे पाडता पाडता माझा भाचा नेहमीसारखा ओरडला, "हा डोंग्याचा, हा जाळ्याचा, हा रेडिओचा!" त्याची बायको माझ्या शेजारी उभी होती. नवी आहे, गडचिरोलीला कॉलेज शिकून आली आहे. तिनं मला हळूच विचारलं, "मावशी, रेडिओ कुठी हाय?" मी म्हटलं, "मेला. तुझ्या जन्माच्या आधी." "मंग मेलेल्याचा हिस्सा काऊन काढून राह्यले?" माझ्यासारख्या बाईला कुणी गप्प करावं, हे गावात रोज घडत नाही. घरी आले, चहा टाकला, तो उतू गेला, आणि तुम्हाला लिहायला बसले. तुम्ही जाऊनही बरीच वर्षं झाली. तेव्हा उत्तराची घाई नाही.

तुम्ही आलात तेव्हा आमचा जिल्हा चांदा होता आणि राज्य मध्य प्रदेश. पुढे एका सकाळी उठलो तर आम्ही मुंबई राज्यात होतो; डोंगे मात्र रात्री बांधले त्याच खुंटीला होते. सरकारनं तुमच्यावर मोठ्या माणसांना साक्षर करायचं काम टाकलं होतं आणि सोबत एक रेडिओ दिला होता. वर्गाची वेळ सूर्यास्ताची. ती ज्यानं ठरवली त्यानं मासे धरणारा ढिवर कधी पाहिला नसावा. सूर्यास्ताला आम्ही पाण्यात असतो, जाळी टाकत. तुम्ही आठवडाभर रिकाम्या शाळेत कंदील लावून बसलात. मग एका संध्याकाळी धोतर खोचून, रेडिओ छातीशी धरून पाळीवर आलात आणि माझ्या बाला म्हणालात, "मला तुमच्या डोंग्यात घ्याल का?" बा म्हणाला, "पवता येते का जी गुरुजी?" तुम्ही म्हणालात, "नाही." बा म्हणाला, "मंग मधात बसा. अन् हलू नका."

तुम्हाला मी आजही तसेच पाहते. झाडाचं एकच खोड कोरून केलेला तो अरुंद डोंगा, त्यात तुम्ही मांडी घालून, एका हातानं काठ गच्च धरलेला, दुसऱ्या हातात पाटी, आणि पेन्सिल दातांत. रेडिओची एक तार बांबूला बांधून उंच केलेली, दुसरी पाण्यात सोडलेली. तशी सोडली की आवाज खणखणीत येतो, असं तुम्ही सांगितलंत. बाला ते ताबडतोब पटलं. त्याच्या मते डबा त्या तारेनं पाणी पीत होता, आणि तलावाचं पाणी पिणारा तो आता आमच्यातलाच झाला होता. जाळी टाकून झाली की सगळे डोंगे तुमच्याभोवती येतात, एकमेकांना खेटून उभे राहतात. तुमची अट एकच असते, आधी अक्षरं, मग रेडिओ. गाणी ऐकायची म्हणून मिशा पांढऱ्या झालेले बाप्ये घसा ताणून 'क, ख' म्हणतात. मासे पळतात, पण कुणाची तक्रार नसते.

मी तेव्हा विशीतली. नवऱ्यानं दुसरी केली म्हणून माहेरी आलेली. सासरहून परत आलेली पोर म्हणजे गावाला फुकटचा करमणुकीचा कार्यक्रम. रेडिओ येईपर्यंत तो मीच होते. बाच्या डोंग्यात मागे बसून मी बांबूनं डोंगा रेटायची. तुम्ही पहिल्या दिवशी मागं वळून म्हणालात, "बाई, तुम्हीसुद्धा म्हणा." बाई! आणि वर 'तुम्ही'! डोंगा तिथंच उलटला असता. त्या दिवसापासून मी त्या अक्षरांच्या मागे अशी लागले की बा म्हणायचा, पोरीले भूत लागलं.

मग पावसाळा सरला, थंडी आली, आणि बानं बॅटरी मारली. आमच्याकडे पाण्यात जाणारी प्रत्येक वस्तू सुती, लाकडी, कुजणारी. म्हणून ऐनाची साल उकळून तिचा लाल काढा करायचा आणि जाळी त्यात बुडवून वाळवायची. तेवढ्यानं त्यांचं आयुष्य वाढतं. रेडिओची ती भलीमोठी बॅटरी पुठ्ठ्याच्या खोक्यात होती. दंवानं ते खोकं मऊ पडू लागलं, आणि बाच्या जिवाला घोर लागला. तुम्ही सुट्टीला गावी गेला होतात. बानं मडकंभर ताजा काढा उकळला, थंड केला, आणि पोरक्या वासराला न्हाऊ घालावं तसं त्या खोक्याला चारी बाजूंनी न्हाऊ घातलं. एकदा नाही, जाळ्याला देतात तसं तीन वेळा. तुम्ही परत आलात तेव्हा बॅटरी लालबुंद, कडक, वासाला उत्तम, आणि पूर्ण मेलेली होती.

मी हसायला तोंड उघडणार होते. तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत की ते हसू मी आजतागायत गिळलेलं आहे. तुम्ही बाला फक्त एवढंच विचारलंत, "दादा, जाळी किती वर्षं टिकते या काढ्यानं?" बा मान खाली घालून म्हणाला, "लय टिकते जी." "मग तुम्ही त्याच्यासाठी उत्तम तेच केलंत," तुम्ही म्हणालात. तरीही बा त्या दिवसापासून तुमच्यासमोर येईना. डोंगा मी एकटी लोटायची.

रेडिओ मुका झाला तसे बाकीचे डोंगे पांगले. गाणं नाही तर अक्षर कशाला? उरले तुम्ही, मी आणि तलाव. नेमके त्याच दिवसांत वरून तपासणीचे साहेब आले. पाळीवर उभे राहून त्यांनी विचारलं, "वर्ग कुठं आहे?" तुम्ही डोंग्यातून उत्तर दिलंत, "पाण्यात आहे, साहेब." साहेबांनी बुटांकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "एका बाईचा वर्ग होत नसतो." बॅटरी मागितली तर हजेरी दाखवा, हजेरी मागितली तर बॅटरी नाही. शेवटी हुकूम असा झाला की नवी बॅटरी गावानं आपल्या खर्चानं आणावी. मृगापर्यंत रेडिओ बोलला नाही तर तो दुसऱ्या गावाला जाईल, वर्ग बंद, आणि गुरुजींची बदली. बॅटरीची किंमत ऐकून पाळीवरचे लोक खाली बसले.

आणि मी तेव्हा 'ण'ला पोचले होते, गुरुजी. 'ण'ला! मराठीचा अर्धाच तलाव ओलांडला होता. मला 'डोंगा'पुरती अक्षरं येत होती, पण ज्यात तो तरंगतो ते 'पाणी' यायचं होतं. 'मासा' पुढं होता. 'बा'सुद्धा पलीकडच्या काठावर उभा होता. तुम्ही गेलात तर मी तशीच मधात राहणार, हलायचं नाही, आणि पोहताही येत नाही.

तुम्ही ती मेलेली बॅटरी दगडानं फोडलीत. पोटातून काळ्या कोळशाच्या कांड्या निघाल्या. त्यातली एक माझ्या हातात देऊन म्हणालात, "घ्या. हिनं दगडावर छान उमटतं." पाटी शाळेची होती, पण ही माझी होती. त्या कांडीनं मी पाळीच्या चपट्या दगडांवर 'त' काढला, 'थ' काढला. माणसं जाता-येता वाकून बघायची. माझी आत्या कपाळाला हात लावायची, "पाळ काळी करून राह्यली वो ही पोरगी! मासे भिऊन मरतीन!" तुम्ही मात्र रोज संध्याकाळी कालच्या दगडाशी येऊन उभे राहायचात. पुढचं अक्षर काढून निघून जायचात.

मग उन्हाळा आला आणि मोठं जाळं पडलं. बा वाटे पाडत होता. आमची रीत तुम्ही पाहिली होती. माणसाचा एक हिस्सा, डोंग्याचा एक, जाळ्याचा एक. कारण डोंगा कुजतो, जाळं फाटतं, आणि त्यांच्या हिश्श्यातूनच नवा डोंगा, नवं सूत येतं. प्रत्येकानं आपली खूण द्यायची, कुणी काडी, कुणी शिंपला, कुणी तंबाखूची चंची. आत्या डोळे मिटून त्या खुणा ढिगांवर टाकायची. ज्याची खूण जिथं पडली, तो ढीग त्याचा. आणि एक हिस्सा मालगुजाराचा, म्हणजे गावाच्या जुन्या मालकाचा. मालगुजारी सरकारनं काढून टाकून काही वर्षं लोटली होती, पण हिस्सा निघत होता. का, ते कुणी विचारलं नव्हतं. त्याचा माणूस टोपली घेऊन चिंचेखाली बसलेला असायचा, आणि टोपली भरून जायचा.

माझं डोकं त्या दिवशी फिरलेलंच होतं. मृग जवळ आला होता. मी मोठ्यानं म्हणाले, "बा, मालकाले हिस्सा काऊन गा? तो कवा डोंग्यात बसला? त्याच्यापेक्षा रेडिओले दे. तो बिचारा बसला तरी होता, तलावाचं पानी तरी पेला होता!"

तो टोमणा होता, गुरुजी. निव्वळ टोमणा. माणसं खो खो हसली. टोपलीवालाही हसला. फक्त बा हसला नाही. कित्येक महिन्यांनी त्यानं मान वर करून तुमच्याकडे पाहिलं. मग विचारलं, "गुरुजी, बॅटरी झिजते का जी?"

तुम्ही म्हणालात, "झिजते, दादा."

"पान्यात कामाले येते?"

"येते."

"मंग तिचा हिस्सा लागते," बा म्हणाला. एवढंच. हसणं थांबलं. टोपलीवाला उठला. "हे काय करून राह्यला गा तू? मालकाले काय सांगू मी?" आत्यानं कमरेवर हात ठेवले. पाळ काळी केली म्हणून मला रोज शिव्या घालणारी आत्या! "सांगजो, मालक पुढच्या साली डोंग्यात येऊन बसतीन तं त्याहिलेही देऊ! बसा म्हणा मधात, अन् हलू नका म्हणा!"

बानं मला विचारलं, "रेडिओची खून काय?" माझ्या मुठीत ती काळी कांडी होती. मी दिली. आत्यानं डोळे मिटून खुणा टाकल्या. रेडिओच्या नशिबी आला सगळ्यात लठ्ठ ढीग, वर मांडीएवढा मरळ पडलेला. बाच्या नशिबी बारकी बोटाएवढी मासळी. तो इतका खूश झाला की जणू मरळ त्यालाच लागला होता.

रेडिओची मासळी आरमोरीच्या बाजारात विकली, त्या पैशांत नवी बॅटरी मागवली, बाकीचं तिनं स्वतःच पाहिलं. मालवाहू लॉरीच्या टपावर बसून ती नागपूरहून आली, मृगाच्या चार दिवस आधी की मागे, ते साहेबांनी तपासलं नाही. त्यांना बोलणारा रेडिओ हवा होता आणि तो बोलत होता. बानं तिच्यासाठी मोहाच्या लाकडाची पेटी केली. काढा फक्त पेटीला दिला, आणि तोही तुम्हाला विचारून. डोंगे परत जमले. पुढच्या थंडीत मी 'ज्ञ'ला टेकले, आणि त्या दिवशी बाच्या डोंग्याच्या बुडावर, तो उलटा करून ठेवलेला असताना, मी त्या कांडीनं पहिला पूर्ण शब्द लिहिला. 'बा'. बानं दूर उभं राहून विचारलं, "काय व्हय ते?" मी म्हटलं, "तू." तो जवळ आला, वाकला आणि म्हणाला, "लहानच हाय."

तेव्हापासून मी लिहितेच आहे. वर्तमानपत्रात. पुढाऱ्यांच्या टोप्या उडवते, साहेबांना त्यांच्याच बुटांनी मारते, लोक हसतात, आणि दुसऱ्या दिवशी सगळं जिथल्या तिथं. टोमणा मारला आणि काम झालं, असं माझ्या आयुष्यात एकदाच घडलं, तेही पाळीवर, मला लिहिता येण्याआधी. धंद्यात खचायला झालं की मी ते आठवते. ऐकणारा एक माणूस न हसता विचार करत बसलेला असू शकतो, एवढी शक्यता धरून पुढचा मजकूर लिहिते.

परवा नव्या सुनेनं मला गप्प केलं ना, ती तिथं थांबली नाही. पदर खोचून पुढं झाली आणि नवऱ्याला, सगळ्यांसमोर, म्हणाली, "मेलेल्या डब्ब्याले मासे कायले जी? त्यापरीस पोरीहिच्या अभ्यासाच्या खोलीत लाइट लावा, तो तं रोज जळून झिजन!" माणसं हसली. भाचा हसला नाही. हातातली खूण धरून तसाच उभा राहिला. ते उभं राहणं मी ओळखते, गुरुजी. थेट बाचं आहे. पुढं काय झालं ते कळवलं असतं, पण हे पत्र मी टाकणार नाही. पेटीत ठेवीन, त्या कांडीजवळ. आता ती बोटाच्या पेराएवढी उरली आहे.

जाता जाता एक सांगून टाकते. त्या रेडिओसाठी मी सगळ्या गावाशी भांडले, अजून भांडते. पण त्यावर काय लागायचं, ते मला आठवत नाही. एक गाणंसुद्धा नाही. तुम्ही रेडिओ लावलात की सगळे त्याच्याकडे वळायचे आणि पाटी मोकळी पडायची, तेवढ्यात मी ती घ्यायची.