कॅरीचा तिसरा अर्थ

पोर्ट ऑफ स्पेन, ४ मे १९८७

ती. हर्मिनाआत्यास शि. सा. न. वि. वि.

शब्दकोशाच्या कचेरीत माझ्या वाट्याला 'कॅरी' हे क्रियापद आलंय. उचलून नेणे वगैरे विलायती अर्थ झाले. आपला त्रिनिदादचा अर्थ तिसरा, म्हणजे चालत्याबोलत्या माणसाला सोबत घेऊन जाणे. त्याला साक्ष हवी. गावात कुणी तसं बोललं तर वाक्य, बोलणाऱ्याचं नाव आणि तारीख कळव. नाव नसलं की साहेब उदाहरणाची चिठ्ठी परत करतात.

पप्पांना विचारू नकोस. कोकोची बाग सोडून मी शब्द वेचायला आलो, तेव्हापासून सहा वर्षं ते माझ्याशी बोललेले नाहीत.

तुझा,
लेनर्ड

ग्रांद रिव्हिएर, ११ मे

चि. लेनर्डास अनेक आशीर्वाद.

बरं आहे बाबा, बोलायचं आम्ही आणि नोकरी तुझी! घे वाक्य: "मला डॉक्टरकडे कॅरी कर." हे तुझ्या बापाच्या तोंडून अजून निघालेलं नाही. त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. परवा कोकोचं फळ समजून स्वतःचा अंगठा कापायला निघाला होता. शहरात ऑपरेशनची तारीख मिळालीय, गुरुवार २८. मी नेते म्हटलं, तर बहिणीचा हात धरून शहरात जाणार नाही म्हणाला. शेजाऱ्यांना म्हणाला, मला मुलगा आहे. मुलाला कळवू का म्हटलं, तर म्हणे मी कुणाकडे मागत नाही. तारीख हुकली तर हा आंधळा होईल रे, मला फार भीती वाटते.

लोभ असावा, सबबी नसाव्यात.

हर्मिना

पोर्ट ऑफ स्पेन, १५ मे

ती. आत्यास सा. न.

न बोललेलं वाक्य कोशात घेता येत नाही. मागे एकदा आपणहून आलो, तेव्हा पप्पांनी तोंडावर दार लावलं. ते पुन्हा सोसणार नाही मला. त्यांनी एक शब्द टाकला, तर त्याच दिवशी निघेन.

लेनर्ड

ग्रांद रिव्हिएर, २१ मे

लेनर्डास,

हर्मिनानं तुझी पत्रं मला मोठ्यानं वाचून दाखवली. तीनदा, मी विचारलं नसताना. तुमच्या साहेबांना नाव लागतं असं कळलं. तिला सांगून लिहून घेतोय.

"लेनर्ड, मला डॉक्टरकडे कॅरी कर." बोलणारा सिप्रियन लेझामा, वय एकाहत्तर. तारीख आजची.

हे उदाहरण आहे, विनंती नव्हे. शहरातून बुधवारची बस संध्याकाळी सहाला येते. मी बाहेर रस्त्यावरच बसलेला असेन. घरात उकडतं.

आशीर्वाद.

पप्पा