खापरांची जाडी आणि आपण दोघी

प्रिय मालन,

सप्रेम नमस्कार. गुडघा कसा आहे? सांगितलेले व्यायाम तू करत नसशीलच. आंबिवलीला पाणी वेळेवर येतं का, विठ्ठलरावांचा खोकला थांबला का, तेही कळव. मी ठणठणीत आहे. निदान मंगळवारपर्यंत होते.

एम.ए.च्या वर्षी खाडीकाठच्या उत्खननात आपण मोजलेली खापरं तुला आठवत असतील. तुझ्या खड्ड्यातली जाड, माझ्यातली पातळ. त्यावरून मी सिद्ध केलं की तुझ्याकडे आधीचे, ओबडधोबड लोक राहत होते आणि माझ्याकडे नंतरचे, सुधारलेले. (त्यावर तू तीन आठवडे माझ्याशी बोलली नव्हतीस. ते वागणं शास्त्रीय नव्हतं.) महिनाअखेरच्या रविवारी डोंबिवलीच्या एका वाचनालयात याच विषयावर माझं व्याख्यान आहे. मोजमापांच्या जुन्या वहीला नव्या पुराव्याची जोड द्यावी म्हणून मी संगणकावर 'आर' नावाची, आकडेवारी मांडून आलेख काढणारी प्रणाली उतरवून घेतली. मालन, मी थक्क झाले आहे. जगभरच्या माणसांनी मिळून लिहिलेली, फुकट, आणि आतली प्रत्येक ओळ उघडी! कुणीही वाचावी, चूक दाखवावी. ते लोक ती सुधारतात आणि वर आभार मानतात. (आपल्या विभागात चूक दाखवणाऱ्याला खापरं धुवायला बसवत.) हुकुमातल्या एका स्वल्पविरामासाठी या प्रणालीने मला चार वेळा परत पाठवलं, तेही आवाज न चढवता. तीस वर्षं शाळेत शिकवून मला हे जमलं नाही.

चारशे बारा खापरं मी रकान्यांत भरली: खड्डा, जाडी आणि, शिस्त म्हणून, मोजणारीचं नाव. मंगळवारी हुकूम दिला आणि पडद्यावर ठिपक्यांचे दोन स्वच्छ पुंजके उगवले, एक जाड खापरांचा, एक पातळ. लगेच शेजारच्या तानाजीरावांना बोलावलं. (ते एसटीच्या खोपट डेपोत वेळापत्रकं करायचे, आकड्यांना घाबरत नाहीत.) त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "बाई, गाडी रोज लेट असली की आम्ही रस्ता नंतर बघायचो, ड्रायव्हर आधी. मोजणारीप्रमाणे रंग द्या की."

दिले. तुला कावीळ झाली त्या आठवड्यात तुझ्या खड्ड्यातली चाळीस खापरं मी मोजली होती. ती चाळीसच्या चाळीस माझ्या पुंजक्यात जाऊन बसली होती! म्हणजे ते दोन प्राचीन समाज तू आणि मी. ज्या प्रणालीला खापर म्हणजे काय हे ठाऊक नाही, तिने आपल्या दोघींना ओळखलं. मी बराच वेळ हात जोडून बसले होते. (तानाजीराव चहा पिऊन गेले.)

आता चुकलं कोण, हे उघड आहे. तू नेहमी घाईत मोजायचीस. मनाला लावून घेऊ नकोस.

तुझी,
कलावती

ता.क. तुझी तेव्हाची मोजपट्टी सापडली तर व्याख्यानाला येताना घेऊन ये. तपासायची आहे.

ता.क. २. पाकीट बंद करण्याआधी माझी पट्टी काढली. तिच्या टोकापासून शून्यापर्यंत तीन मिलिमीटर कोरी जागा आहे. मी सगळं टोकापासून मोजलं होतं, म्हणून माझी खापरं पातळ.

ता.क. ३. व्याख्यान रद्द नाही, विषय बदलला आहे: माझी पट्टी. वही सर्वांपुढे उघडी ठेवणार आहे. कुणीही चूक दाखवावी. अध्यक्ष तू आहेस, पत्रिकेत तसं छापून घेतलं आहे. ओबडधोबड लोकांच्या वतीने जे बोलायचं ते तिथेच बोल. पंधरा मिनिटांत.