मैद्याचा मोठा, साखरेचा छोटा

प्रिय ताई,

हे पत्र भाऊजी तुला वाचून दाखवत असणार. भाऊजी, जरा सावकाश, बातम्या दिल्यासारखं वाचू नका.

ताई, नजर गेली तसं तू केक करणंच सोडलंस. वजनकाट्यावरचा आकडा दिसत नाही तर करू काय, हे तुझं पालुपद मी निमूट ऐकून घेतलं. मग हौसेने तो बोलणारा काटा आणून दिला. तो आकडा सांगेपर्यंत तुझ्या हातून आणखी दोन चमचे साखर पडलेली असायची, आणि बीटर सुरू असला की त्याचं बोलणं ऐकूच यायचं नाही. तू वैतागून त्याला कपाटात कोंडलंस. तुझ्यासमोर मी हसले खरी, पण घरी येताना रस्ताभर रडत आले.

तेव्हापासून डोक्यात एकच भुंगा. काटा नाही तर नाही, भांडं भरलं की नाही हे तर बोटालाही कळतं. म्हणून तुझ्या केकचं सगळं वजन भांड्यात बसवायचं ठरवलं. मैदा अडीचशे ग्रॅम, साखरही अडीचशे. वजन करून घेतलेली साखर एका पेल्यात अगदी काठोकाठ बसली. म्हटलं, झालं काम! त्याच पेल्याने मैदा घेतला आणि केकच्या मधोमध हा एवढा खड्डा पडला. वजन सारखं असलं तरी मैदा फुललेला, त्याला जागा जास्त लागते, हे इतकी वर्षं तुझ्या हाताखाली काढूनही माझ्या टाळक्यात शिरलं नव्हतं. मग मोठा पेला घेतला. पण भरताना ओट्यावर आपटायची तुझी खोड मलाही लागलेली. मैदा दबला, जास्त बसला, आणि केकची वीट झाली. आमच्या ह्यांनी ती चहात बुडवून खाल्ली आणि वर छान झालाय म्हणाले. त्यांच्या मताला काही किंमत नाही, हे तुला माहीतच आहे.

मी काही मागे हटले नाही. भांडी दुरुस्त करणाऱ्याकडून स्टीलचे दोन पेले मापात कापून, कडा घासून घेतले. चांगले नवेकोरे पेले कापायला आणणारी बाई त्याने पहिल्यांदाच पाहिली म्हणे. मैद्याचा मोठा, त्याच्या काठाला एक खाच आहे. साखरेचा छोटा, त्याचा काठ गुळगुळीत. लोण्याची वडी तू चाचपून अर्धी करतेसच. मैदा आधी चाळायचा, चमच्याने अलगद पेल्यात सोडायचा, वरून सुरीची पाठ फिरवायची. आपटायचं नाही. ताई, आपटायचं नाही!

मग डोळ्यांना ओढणी बांधून मीच करून पाहिलं. पुन्हा पुन्हा भरलं आणि ओढणी सोडून काट्यावर ठेवलं. फरक पडला तो फार तर चमचाभराचा. त्या मापाचा केक मस्त फुगला, चवीला थेट तुझ्यासारखा. मी ओट्यापाशी उभ्यानेच अर्धा संपवला. पण मला तुझ्यासारखा केक नकोय, तू केलेला हवाय. तू दिवसभर त्या खुर्चीत गप्प बसून असतेस, ते मला बघवत नाही.

पेले या पत्रासोबत घाईने पाठवतेय, का ते आता सांगते. तू ओव्हन विकायला काढल्याचं मला कळलं. रविवारी सकाळी एक बाई तो बघायला येणार होती ना? ती येणार नाही. मी तिला फोन करून सांगितलं की ओव्हन विकायचा नाही, तो वापरात आहे. तुला न विचारता सांगितलं, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा सांगेन. तिचा नंबर मला कोणी दिला, ते वाचणाऱ्याचा आवाज आत्ता अडखळला असेल त्यावरून तुला कळलंच असेल. त्यांना काही बोलू नकोस, त्यांनाही तुला खुर्चीतून उठलेलं बघायचंय. रविवारी त्या बाईच्या वेळेला मी येतेय. मैदा चाळून ठेव.

तुझीच,
हट्टी धाकटी