मोनाचा गुलाब आणि मुरगूडची चटणी

कोल्हापूर,
गुरुवार

ती. सौ. आक्कास,

धाकट्या पिराजीचा गुडघ्याला जमेल तेवढा वाकून नमस्कार. इकडं सगळे खुशाल आहेत. तुझी कंबर, भावोजींचा खोकला आणि म्हशीचं दूध ही तिन्ही एव्हाना जागेवर आली असतील असं धरून चालतो. तुझी भावजय शिरोळला लेकीकडं गेलीय, रविवारी येते म्हणाली. त्यामुळं घरात शांतता आहे (हे वाक्य वाचून झालं की खोडून टाक). भाकरी सूनबाई स्नेहल करते, आणि कालवण नाही आवडलं तर तू वैशाखात पाठवलेली कांदा-लसूण चटणी आहेच. आक्का, यंदा तुझा हात काही वेगळाच लागलाय. फळीवरची बरणी उघडली की एक भाकरी जास्त जाते. जराशी कडवट लागते, पण ती तू यंदा मिरची बदललीस म्हणून असणार. बाकीच्यांना कळणार नाही, जाणकाराला लगेच कळतं.

पत्राला कारण आपली नात मोना. आता दुसरीत आहे. गेल्या वर्षी शाळेच्या वर्धापनदिनाला तिला टाळ्या वाजवणाऱ्या मुलांच्या गटात बसवलं होतं (हल्ली टाळ्यांचीही तालीम घेतात). पोरगी घरी येऊन नीट जेवली नव्हती, आणि यंदा स्टेजवर जायचंच म्हणून हटून बसली होती. तेवढ्यात मुख्याध्यापिका निशिगंधा मॅडमचा मोबाईलवर निरोप आला की मुलांनी स्वतःच्या हातांनी, घरातलंच साहित्य वापरून कागदी फूल करावं. ज्याचं फूल उत्तम ठरेल ते मूल प्रमुख पाहुण्यांना स्टेजवर फूल देईल. त्याच्याच खाली दुसरा निरोप होता की घरातल्या साहित्याचा संच शाळेच्या खिडकीवर विकत मिळेल. मी चौकशीला गेलो. संचात गुलाबी क्रेप कागद, तार, हिरवी टेप आणि कापून तयार पाकळ्या. मी विचारलं, हे घरातलं कसं? खिडकीतली बाई म्हणाली, "घरी न्हेलं की घरातलंच की ओ आजोबा." मी एस.टी.त कंट्रोलर म्हणून उभा जन्म लोकांना उत्तरं दिली, पण इतकं चोख उत्तर मला कधी सुचलं नाही. पुढं पालकांच्या ग्रुपवर जी धांदल उडाली ती विचारू नकोस. एका बापानं मुलाचं फूल करायला रजा काढली, आणि मुलाची मध्ये लुडबुड नको म्हणून त्याला कुरुंदवाडला आजोळी धाडून दिलं.

मी मात्र ठरवलं की फूल मोनाच करणार आणि घरातल्याच वस्तूंचं करणार. (स्नेहलनं लगेच तिची लिपस्टिक कपाटात टाकून कुलूप लावलं. माझ्यावर घरात एवढाच विश्वास आहे.) कागदासाठी भिंतीवरचं कॅलेंडर फाडलं. घाईत चालू महिनाच हाताला आला, त्यामुळं घरात सध्या एकादशी कधी हे कुणालाच ठाऊक नाही. देठाला खराट्याची हीर, चिकटवायला कणकेची खळ. पाकळ्या मोनानं कापल्या, आणि पहिलं फूल झालं ते हुबेहूब कोबीसारखं. मी बोट लावायला गेलो तर म्हणाली, "आजोबा, तुम्ही लांब बसा. फूल माझं हाय." मी लांब बसलो. दुसरं थोडं बरं झालं, तिसरं खरंच गुलाब दिसायला लागलं. राहिला रंग. हळदीनं पिवळा आला, तो तिला नको. कुंकू लावलं तर पाकळीपेक्षा फरशी जास्त लाल झाली. मग माझीच नजर फळीवर गेली. चटणी खळीत कालवून तेलाचं बोट लावून पाकळ्यांना दिली आणि आक्का, काय रंग चढला म्हणून सांगू! सूर्य बुडताना रंकाळा दिसतो तसा. एक फूल मनासारखं व्हायला बरीच बरणी गेली (तो विषय नंतर). आणि एवढी कणीक लावलेलं फूल रात्रभर ओट्यावर होतं, पण एक मुंगी फिरकली नाही. तुझ्या चटणीचा दराराच तसा.

कार्यक्रमाला पाहुणे होते आमच्या भागातले उदयसिंहदादा, भावी नगरसेवक. (भावी हे पद त्यांच्याकडं फार वर्षं आहे आणि ते अजून कुणाला हिसकावता आलेलं नाही.) टेबलावर सगळी फुलं मांडली होती, सगळी गुलाबी, सगळी एका मापाची, जणू सगळ्या पोरांचं घर एकच. त्यातलं एक, संस्थेच्या ट्रस्टींच्या नातवाचं, मॅडमनी आधीच उत्तम ठरवून ठेवलं होतं. मोनाचं फूल समईच्या मागं सारलेलं. पोरीनं ते बघितलं आणि मान खाली घातली. मी उठून भांडायच्या बेतात होतो, तेवढ्यात दादांच्या फोटोग्राफरनं हरकत घेतली की गुलाबी फूल दादांच्या फेट्यावर उठून दिसत नाही, ते मागचं तांबडं बरं दिसेल. झालं. मॅडमचा निकाल फेट्याच्या रंगानं फिरला आणि मोनाचं नाव पुकारलं गेलं.

दादांना फूल दिलं की ते नाकाशी नेऊन डोळे मिटतात. चौकातल्या सगळ्या बोर्डांवर त्यांचा तसाच फोटो आहे. त्यांनी डोळे मिटले. फोटोग्राफर म्हणाला, आणखी एकदा, जरा दमानं. दादांनी दमानं वास घेतला. त्यानंतर ज्या शिंका सुरू झाल्या त्यांनी फेटा नाकावर आला, डोळ्यांना धारा लागल्या आणि माईक चालू असल्यामुळं सगळं पटांगणभर ऐकू गेलं. मॅडमनी मोनाचा दंड धरला आणि तिला पायऱ्यांकडं ओढायला लागल्या. पोरीनं गर्दीत माझ्याकडं बघितलं, आक्का. तिनं वर्षभर वाट बघितली होती, आणि मी तिला असली चटणी लावून वर पाठवलं होतं.

तेवढ्यात दादांनी हात वर केला. "थांबा ओ बाई. कशाचं हाय गं ह्ये फूल?"

मोना माईकपाशी जाऊन स्वच्छ बोलली, "घरातल्या साहित्याचं. मुरगूडच्या आजीच्या चटणीचं."

डॉक्टरनं दादांचं तिखट बंद केलंय असं ऐकतो. त्यांनी इकडं तिकडं बघितलं, पाकळीला जीभ लावली, मग ती पाकळीच तोंडात टाकली. (मागं संकष्टी छापलेली होती, तीही गेली.) म्हणाले, "आईच्या माघारी असली चटणी आज चाखली." आणि मोनाला शेजारच्या खुर्चीवर बसवून घेतलं, ती थेट आभारप्रदर्शनापर्यंत. ट्रस्टींच्या नातवानं खालून टाळ्या वाजवल्या. मी रडलो, पण ते चटणीनं नव्हे.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो होता: चिमुकलीच्या कलेने मान्यवर गहिवरले. आणि आज मॅडमचा निरोप आलाय की पुढच्या उपक्रमाच्या संचात चटणीची पुडीही मिळेल.

भावोजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा धाकटा,
पिराजी

ता. क. – तू विचारणार नाहीस म्हणून मीच सांगतो, फळीवरची बरणी तळाला गेलीय. शिवाय चटणी न्यायला दादांचा माणूस येणार आहे. तेव्हा दोन बरण्या मुरगूडच्या गाडीनं रविवारच्या आत पाठव. ड्रायव्हरला माझं नाव सांग, मी स्टँडवर उभा राहीन.

ता. क. दुसरा – घरच्या फोनवर चटणी हा शब्द काढू नकोस. तुझ्या भावजयीला वाटायला हवं की बरणी होती तेवढीच आहे.

ता. क. तिसरा – वन्सं, नमस्कार. मी चिमणा. शुक्रवारीच परत आले. मला दारात बघून ह्यांनी हे पत्र उशीखाली सारलं. आता हे रंकाळ्यावर फिरायला गेलेत तोवर लिहिते. चटणी पाठवायची तसदी घेऊ नका. ह्यांचा हात लई सढळ, म्हणून तुमची यंदाची बरणी मी जाताना गव्हाच्या डब्यात खाली पुरून गेले होते. फळीवर होती ती गेल्या सालची. तिला किड्यांची जाळी लागली होती. टाकवेना, म्हणून तीत कडुनिंबाचा पाला कुटून घातला आणि कढीपत्त्याच्या बुडाला मुंग्या पळवायला टाकावी म्हणून ठेवली होती. मोनाला फुलाबद्दल शाबासकी दिली, बाकी काही बोलले न्हाय. दुपारी हे घोरत असताना दादांचा माणूस आला, त्याला उरलेली बरणी देऊन टाकली. तासाभरात दादांचाच फोन. आवाज भरून आला होता, असली चव आता कुठं मिळत न्हाय म्हणाले. मी व्हय म्हटलं. पत्र मीच पोस्टात टाकते. उद्यापासून ह्यांच्या ताटात तुमची खरी चटणी वाढणार हाय. बघा, पहिल्याच घासाला म्हणतील, आक्काचा हात बिघडला.