फ्रेमला तडा नाही

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकसष्ट, अविवाहित, दातांच्या कवळ्या बनवून पोट भरलेली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही सांगण्यावाचून लिहीत आहे. हृदयाच्या डॉक्टरांनी मला चढ आणि धसमुसळेपणा दोन्ही वर्ज्य केलं आहे. डोकं ठीक असल्याचं मात्र त्यांनी लेखी दिलं आहे; तो कागद सोबत जोडला आहे.

१. माझी दोन खोल्यांची जागा आणि बँकेत जे काही असेल ते माझ्या धाकट्या बहिणीला मिळावं. तिच्याशिवाय मला जवळचं कोणी नाही. मागची खिडकी आधी वर उचलून मग ढकलावी लागते, हे तिला ठाऊक नाही.

२. मेण कोरायच्या सुऱ्या, घासायचं मशीन आणि साचे सतरा वर्षं माझ्या शेजारी बसून काम करणाऱ्या सहकारी बाईंना द्यावेत. आमच्या दंतवैद्यांनी एक सुरी मागितली तरी देऊ नये. माझ्या हातच्या कवळ्या ते माझ्यादेखत स्वतःच्या म्हणून दाखवत आले.

३. माझी डोंगरी सायकल, एकोणतीस इंची चाकांची, पुढेमागे शॉकअॅब्सॉर्बर असलेली, सध्या भिंतीवर टांगलेली, हीसुद्धा बहिणीलाच. मात्र सायकलीबरोबर पुढचा मजकूर तिने वाचावा.

खिंडीतून तळ्याकडे उतरणाऱ्या वाटेवर मी सहा उन्हाळे सायकल चालवली. वरचा सुटा मुरूम, त्याखालची आकड्यासारखी वळणं, मग ओली मुळं, सगळं मला जमायचं. मध्ये एक जागा आहे, तिला सगळे जिना म्हणतात. गुडघाभर उंचीच्या नऊ दगडी पायऱ्या आणि डावीकडे सरळ कडा. तिथे मी दर वेळी उतरले आणि सायकल हातात धरून चालले. अकरा वेळा. मी मोजलं आहे.

आठ वर्षांपूर्वी धाकटी सुट्टीला आली. बालवाडीत शिकवते, माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. डोंगरात सायकल तिने कधी चालवली नव्हती. मी चार दिवस तिला सोप्या वाटांवर शिकवलं. पाचव्या दिवशी तिला माझी सायकल दिली, स्वतः भाड्याची घेतली. जिन्याच्या तोंडाशी सांगितलं, "टाचा खाली दाब, बूड मागे घे. नजर पायरीवर नको, पलीकडच्या झाडावर ठेव." हे मला तोंडपाठ होतं. ती उतरेल असं मला वाटलंच नव्हतं.

ती गेली. सायकल नऊ पायऱ्या गिळत खाली पोचली. खालून ती हसत म्हणाली, "ताई, हे तर सोपं आहे गं."

लहानपणापासून तेच ऐकत आले. पोहणं, गाणं, माणसं जोडणं, सगळं धाकटीला सहज येतं आणि थोरली कष्टाळू आहे. ही एक गोष्ट मी घरच्यांपासून लांब, एकटीने मिळवली होती. तीही तिने एका सकाळी उचलून नेली, आणि नेली हे तिला कळलंसुद्धा नाही.

घरी आल्यावर मी फ्रेमवर काळी चिकटपट्टी गुंडाळली आणि तडा गेलाय म्हणून सांगितलं. ती घाबरली. "माझ्यामुळे का गं?" मी नाही म्हटलं नाही.

त्यानंतर दर उन्हाळ्यात ती विचारायची आणि मी म्हणायचे, तशी फ्रेम आता मिळत नाही. ती दुसऱ्या सायकलवरही गेली नाही. मीही गेले नाही. गेले असते तर खोटं उघडं पडलं असतं. आता गेले तर जीव जाईल.

फ्रेमला तडा नाही. कधीच नव्हता.

पुरवणी. वरचं कलम लिहून झाल्यावर वाटलं, हे ती मी गेल्यावर वाचणार, म्हणजे तिचं तोंड मला बघावं लागणार नाही. हा भित्रेपणा झाला. म्हणून काल तिला बोलावून वाचून दाखवलं.

ती उठून सायकलपाशी गेली. मग म्हणाली, "मी तुला नवीन फ्रेम देणार होते. कोपऱ्यावरच्या सायकलवाल्यांकडे जाऊनही आले होते."

"ते काय म्हणाले?"

"म्हणाले, आधी ताईंना विचारा."

तिने सायकल खाली काढली आणि पट्टीचा एकेक वेढा सोडवला. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "मागच्या शॉकमध्ये हवा किती भरू?" मी आकडा सांगितला. सायकल घेऊन जाताना तिने माझा निरोप घेतला नाही.

सबब कलम तीन रद्द. सायकल तिला मी हयात असतानाच दिली आहे.

आज दुपारी ती परत आली, कोपरापर्यंत चिखल घेऊन. आपणहून म्हणाली, "जिन्यावर पाय टेकला गं, उतरावं लागलं." मला आनंद झाला, हे इथे नोंदवते. ते खरं होतं की मला बरं वाटावं म्हणून तिने दिलेलं होतं, हे तिच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. मी विचारणारही नाही.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि तो मला मान्य आहे.

सही: थोरली

साक्षीदार, दोघांनी माझ्यासमोर सह्या केल्या:
१. सायकल दुरुस्तीवाले, कोपऱ्यावरचं दुकान
२. खालच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या बाई

स्थळ: राहतं घर, कामाची खोली
दिनांक: सप्टेंबरचा दुसरा रविवार, संध्याकाळी साडेपाच