खिळ्यांचे टायर आणि आउनेआजींची चढण

२ नोव्हेंबर, शनिवार
पहिला बर्फ. पट्टी घेऊन तीन ठिकाणी मोजला. सरासरी अकरा सेंटिमीटर.
सूडाला सुरुवात.

झाला प्रकार एकदा लिहून ठेवतो, कारण राग जुना झाला की माणूस ढिला पडतो. गेल्या सोळा जानेवारीला म्हाताऱ्यांची जेवणं पोचवताना माझी गाडी टेकडीच्या चढणीवर अडकली. गाडी सेडान, मागच्या चाकांवर चालणारी. इंजिनाचं ओझं पुढे, जोर मागे, आणि मागे वजन म्हणून काही नाही. चाकं जागच्या जागी गरगरत राहिली. टायर गुळगुळीत होते, हे मान्य. मग ताईचा नवरा तूरे आपलं पुढच्या चाकांवर चालणारं डबडं घेऊन आला, मला ओढून काढलं आणि चारचौघांत म्हणाला, मेव्हणे, ही गाडी उन्हाळ्यात मिरवायला बरी. सहा जण हसले. नावं मागच्या पानावर आहेत.

दुसऱ्याच दिवशी नगरपालिकेच्या स्वयंपाकघरातल्या हिल्काबाईंनी टेकडीची फेरी काढून त्याला दिली. मला गावातली सपाट फेरी. ती तर सायकलवरही होते.

संकल्प : यंदा टेकडी माझी. आणि तूरे रस्त्याकडेच्या चरात.

५ नोव्हेंबर, मंगळवार
बर्फात पकड घेणारे, खिळ्यांचे टायर आणले. चार. नवे कोरे. दुकानदार म्हणाला, चारही बसवून देतो, वीस मिनिटांचं काम. म्हटलं, घरी बसवीन. आपली विद्या दुकानात सांगायची नसते.

बसवले फक्त मागे. गाडी दुरुस्तीचा कोर्स मी पहिल्याच वर्षी सोडला, पण चाकांचा धडा तोवर झाला होता. गाडी ढकलतात मागची चाकं. पुढची नुसती दिशा दाखवतात. त्यांना खिळे म्हणजे वाटाड्याला नांगराला जुंपणं. तिथे उन्हाळी टायर अजून चांगले आहेत. उरलेले दोन नवे टायर डिकीत टाकले. मागे वजन हवं होतं, ते झालं.

संध्याकाळी शाळेच्या मैदानावर चाचणी. निघताना एकदाही घसरली नाही. चारदा निघालो, चारदा तेच. वळण्याची चाचणी घेतली नाही, मैदान सरळ आहे.

७ नोव्हेंबर, गुरुवार
हिल्काबाईंना भेटलो. म्हणाल्या, तू परत आलास? म्हटलं, एक आठवडा द्या. त्यांनी हातातला सुपाचा डाव खाली ठेवला. म्हणाल्या, हे बघ ओइवा, वरच्या आउनेआजींना साखरेचा आजार आहे. त्या इन्सुलिनचं इंजेक्शन घेऊन बसतात आणि जेवणाची वाट बघतात. बारा म्हणजे बारा. आठवडाभर पोचलास तर वसंतापर्यंत टेकडी तुझी, तूरे जाईल सपाटीवर. नाही पोचलास तर माझ्या दारात गाडी घेऊन यायचं नाही.

तूरे सपाटीवर! हे वाक्य मी घरी येईपर्यंत मनात म्हणत होतो.

९ नोव्हेंबर, शनिवार
ताईकडे सौना, वाफेची अंघोळ. शनिवार चुकवता येत नाही. वैर आपल्या जागी, पण पाठ चोळायला माणूस लागतोच. वाफेत तूरे म्हणाला, मेव्हणे, टायर घेतलेत म्हणे. न राहवून सगळी योजना सांगितली. त्याने दगडांवर पळीभर पाणी ओतलं, मग म्हणाला, आणि वळणार कशाने? म्हटलं, स्टिअरिंगने.

म्हणाला, बाबा रे, पुढचे दोन बसव. हवं तर उद्या मी जॅक घेऊन येतो.

मत्सर! ज्याला हरायची धास्ती असते तोच असा मदतीला धावतो. ताई बाहेरून ओरडली, भांडायचं असेल तर दार लावून भांडा, वाफ जाते.

११ नोव्हेंबर, सोमवार
चढण सहज. गाडी तीराइतकी सरळ गेली. वरच्या घरांच्या टपालपेट्या रस्त्याकडेला खांबांवर ओळीने आहेत, त्या वळणावर तिने जरा विचार केला, मग वळली. आउनेआजींकडे ११:४२.

आजी म्हणाल्या, आज तू होय? तो दुसरा बरा होता, बूट झटकून आत येतो. म्हातारपणी माणूस बदलाला घाबरतं.

१२ नोव्हेंबर, मंगळवार
११:४९. वळणावर रस्त्याची पूर्ण रुंदी लागली. रस्ता सगळ्यांचाच आहे. अंगणात आजींच्या सरपणाची रास थोडी ढासळली. ती वाटेच्या फार जवळ रचली आहे, तसं सांगितलं. आजी म्हणाल्या, चाळीस वर्षं तिथेच आहे रे, लपून बसलेली नाही.

गाडीचं तोंड हलकं वाटतं. म्हणजे मागचं वजन अजून कमी पडतंय. वाळूची दोन पोती आणून डिकीत ठेवली.

१३ नोव्हेंबर, बुधवार
दिवसा बर्फ वितळला, मग गोठला. ११:५६. थांबायला नेहमीपेक्षा जास्त जागा लागली. जागा होती.

पेट्रोल पंपावर तूरे भेटला. माझ्या पुढच्या चाकांपाशी वाकून बघितलं आणि आपलं पेट्रोल भरायला वळला. बोलायला उरलंय काय!

तो चरात पडेल तेव्हा काय म्हणायचं ते ठरवलं : भावजी, दोरी आहे, पण वेळ नाही. आरशासमोर आठदा म्हणून पाहिलं. 'पण'वर थांबलं की चांगलं लागतं. वाळूचं तिसरं पोतं.

१४ नोव्हेंबर, गुरुवार
गुरुवार, म्हणजे वाटाण्याचं सूप.

चढणीबद्दल आधी लिहितो. अप्रतिम. मागच्या चाकांनी कुठेही हार मानली नाही. टपालपेट्यांपाशी मी स्टिअरिंग पूर्ण डावीकडे फिरवलं. चाकं डावीकडे वळलेली मी नंतर स्वतः पाहिली. गाडी मात्र सरळ गेली, आणि मागची चाकं तिला सरळच ढकलत राहिली, फार जोरात. नऊ पेट्या. मग चर. सूप पुढच्या काचेपर्यंत.

तेव्हा ११:५१.

आजींचा एक डबा शाबूत होता. तो घेऊन पळत निघालो. गुडघाभर बर्फ, दोनदा पडलो, दुसऱ्यांदा डब्यावर. आजींनी खिडकीतून बघून आधीच स्वयंपाकघरात फोन केला होता, पोरगा टपालपेट्यांत उभा आहे आणि जेवण त्याच्याकडेच आहे. त्यांनी पाठवलेला तूरे गाडीतून माझ्या शेजारून वर गेला. थांबला नाही. मी पोचलो तेव्हा १२:२०. आजी टेबलाला धरून बसलेल्या, हात थरथरत होते, चेहरा पांढरा. तूरे त्यांना साखर घातलेला ज्यूस पाजत होता, दुसऱ्या हाताने पाव मोडत होता. सावकाश, आजी, सावकाश, म्हणत होता. त्याने बूट झटकले नव्हते.

मला वाटलं, आता हसेल. मी तयारीतही होतो. तो म्हणाला, ओइवा, दार लाव, गारठा येतोय.

मेव्हणे म्हणाला नाही.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार
घरी. पेट्या कोणाकोणाच्या त्याची यादी केली. मागच्या पानावरच्या सहांपैकी चौघांच्या निघाल्या. आनंद व्हायला हवा होता.

१८ नोव्हेंबर, सोमवार
हिल्काबाई म्हणाल्या, गाडी चालवायची नाही, पण डबे धरायला माणूस लागतो, तूरेला एकट्याला उशीर होतो. त्याच्या शेजारी बसलो. मांडीवर आजींचा डबा, दोन्ही हातांनी धरलेला. त्याच्या चालवण्यातल्या चुका टिपायला वही नेली होती.

पेट्यांच्या जागी नवे खांब रोवलेत. तूरेने स्टिअरिंग थोडंसंच फिरवलं, आणि गाडी वळली.

११:३८. वहीत दुसरं काही नाही.