अंगठा आधी

२ फेब्रु.
स्विमिंग पूल, सकाळी ६.३०. सायली (कोच, वय चोवीस, तोंड चाळिशीचं) काठावरून ओरडली, "ताई, अंगठा आधी जातोय पाण्यात! बोटं आधी घाला. डावा खांदा त्यानेच गेलाय तुमचा." गेलाय हे खरं. पण अंगठा आधी हे बाबांनी शिकवलंय, कोलशेतच्या खाडीत, मी सात वर्षांची असताना. कालच्या पोरीने सांगितलं म्हणून सुटणार थोडंच?

४ फेब्रु.
आज नीट बोटं आधी. हात परका वाटला. शेवटचे दोन लॅप वैतागून जुन्या पद्धतीनेच मारले, तेव्हा सात-दहा झाले होते.
डोंबिवलीत घरी पोचते तोच कोलशेतहून आईचा फोन. "अगं, यांचा डावा हात हलला!" बाबांना अर्धांगवायूचा झटका येऊन चौदा महिने झाले. बोलणं गेलं, हात नुसता उशीवर ठेवलेला असतो. मी रडलेच. किती वाजता हे विचारलंही नव्हतं, तिनेच सांगितलं. सात-दहा.

७ फेब्रु.
योगायोग असणार. आज सगळं बोटं आधी. सायली खूश. आई : "आज काही नाही गं. हात गार पडलाय."

९ फेब्रु.
मुद्दाम केलं. चार लॅप बोटं, चार अंगठा, पुन्हा चार बोटं. पूलच्या घड्याळाकडे बघत. आईला फक्त म्हटलेलं, कधी हलतो ते लिहून ठेव. तिने लिहिलं : ६.५२ ते ६.५६. माझे अंगठ्याचे चार लॅप तेवढेच.
"वर जातो, मग पालथा पडतो, अंगठा खाली करून. काय करतायत कोण जाणे."
मला कळलं, पोहतायत. अंगावर काटा आला. आणि खरं सांगायचं तर, आनंदही झाला.

११ फेब्रु.
ऑर्थो डॉक्टरकडे. "असंच पोहलात तर उरलेला स्नायूही तुटेल. मग हात वर जायचा नाही." तिकडे बाबांचा फिजिओ म्हणतो, छान सुधारणा आहे, जे करताय ते चालू ठेवा. करतंय कोण, हे त्याला कुठे माहीत!

१४ फेब्रु.
वीस लॅप, सगळे अंगठा आधी. सायली माझ्याशी बोलत नाहीये. बाबांनी आज वाटी धरली, डाव्या हातात. मला वेणी घालता आली नाही. केस तसेच क्लिपमध्ये कोंबून ऑफिसला.

१६ फेब्रु.
पोहण्याला सुट्टी दिली, दुखणं सहन होईना. सकाळी आठला चहा पीत बसले होते. डावा हात मांडीवरून आपोआप उचलला गेला. पुढे गेला, अंगठा खाली. पुन्हा. पुन्हा. उजव्या हाताने धरून ठेवला, तरी ओढत होता. पाच मिनिटं.
मग आईचा फोन. "आज तर स्वतःहूनच करतायत. थांबतच नाहीत."

१७ फेब्रु.
आज हात सहापासूनच सुरू. खांद्यात काहीतरी कट्‌कन् वाजलं. ओरडले. आईला फोन लावला, म्हटलं, त्यांचा हात धर. ती हसत होती, रडत होती. "अगं, बोलले! चौदा महिन्यांनी! म्हणतायत, पोरगी दमली का विचार. काय सांगू?"
फोन अजून चालू आहे. उजव्या हाताने लिहितेय. तिला अजून काही सांगितलं नाहीये.